जुना पॉवरशॉट ए६२० बदलून नवा छोटा कॅमेरा घ्यायचा आहे (कथक, मारबत, ताडोबा)

रातराणी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅननचा पॉवरशॉट ए६२० आहे. २००५चं मॉडेल, ७ मेगापिक्सेल, चार पेन्सिल सेलवर चालणारा, पडदा बाहेर ओढून फिरवता येणारा. अजून ठणठणीत आहे. दिवसा उजेडात त्याचे फोटो मला आजही आवडतात. पण तीन ठिकाणी तो हात टेकतो.

पहिलं, मुलीचं कथक. इथलं, नागपूरचं देशपांडे सभागृह असो की रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, स्टेजवर ती हलली की फोटो फराटे मारल्यासारखा येतो. दुसरं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक. इतवारीच्या गल्लीत मागे सरकायला जागाच नसते आणि पिवळ्या मारबतीचा पुतळा चौकटीत पूर्ण मावत नाही. तिसरं, ताडोबा. यंदा उन्हाळ्यात घरचे सगळे जायचं म्हणून राहिले आहेत.

मोठा डीएसएलआर मला नकोच आहे, पर्समध्ये मावला पाहिजे. बजेट पन्नास-साठ हजार. बर्डीवर दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे आधी मेगापिक्सेल सांगितले आणि मग झूम. त्यावरून काही ठरवता येईना. तुम्ही काय घ्याल?

परदेशी_वऱ्हाडी
साठ हजारांत चांगला मोबाइलच घ्या ना ताई. शाओमीच्या १३ अल्ट्रा, १४ अल्ट्रासारख्या फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याला एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आला आहे. रात्रीचे फोटो बघाल तर थक्क व्हाल. शिवाय तो कायम हाताशी असतो. मी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच.

तर्री_पोहे
भाऊ, ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेऊच देत नाहीत. गेटवरच ठेवा लागते. जिप्सीत मोबाइल वाजून राहिले, लोकेशन एकमेकांना पाठवून राहिले, वाघापाशी गाड्यांची गर्दी होऊन राहिली, म्हणून बंदी आली. चांगलंच झालं म्हणतो मी. पण मग मोबाइलवाला माणूस तिथे रिकाम्या हाताने बसते. ताईले कॅमेराच पाहिजे.

सातपुडा
मोबाइलबद्दल एक भर. मोबाइल अंधारात जे करतो ते एका फोटोतून नाही. तो भराभर अनेक फोटो घेतो आणि एकावर एक रचून त्यातला दाणेदारपणा काढतो. फुटाळ्याकाठची संध्याकाळ, दीक्षाभूमीचा उजळलेला स्तूप, स्थिर बसलेला माणूस, यासाठी ही युक्ती उत्तम. पण कथकमध्ये चक्कर घेणारी मुलगी दोन फोटोंच्या मधल्या वेळात कुठच्या कुठे गेलेली असते. मग हाताची बोटं विरघळल्यासारखी दिसतात. आणि ज्या एक इंची सेन्सरचं कौतुक होतं तो मुख्य लेन्सच्या मागे असतो. लांबचं टिपणाऱ्या लेन्सच्या मागे त्याच फोनमध्येही लहान सेन्सर असतो. सभागृहात तुम्हाला लांबचंच टिपायचं आहे.

रातराणीताई, कोणतं मॉडेल घ्यावं हे मी आत्ता सांगत नाही. आधी एक काम करा. कॅमेरा कुठला हवा हे तुमच्या जुन्या फोटोंनाच माहीत आहे. संगणकावर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, त्यात डिटेल्स. तिथे तीन आकडे बघा: फोकल लेंग्थ (आकडा लहान तितकी चौकट रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ), शटर म्हणजे एक्स्पोजर टाइम (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं), आणि आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला होता). स्टेजचे, मारबतीचे, सहलीचे असे वेगवेगळे फोल्डर चाळा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

तुमच्या कॅमेऱ्यात फोकल लेंग्थ ७.३ ते २९.२ मिमी अशी दिसेल. तिला ४.८ने गुणा. ७.३ म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबात ३५ मिमी आणि २९.२ म्हणजे १४० मिमी. नव्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत हाच फिल्मचा हिशेब वापरतात, म्हणजे तुलना सोपी जाईल.

बर्डी_बॉय
एवढं कशाला? कॅननचाच पॉवरशॉट एसएक्स७४० घ्या. ४० पट झूम, २४ ते ९६० मिमी. २० मेगापिक्सेल. खिशात मावतो, बजेटमध्येही बसेल. मारबतीला २४, वाघाला ९६०. माझ्या मित्राकडे आहे, अंबाझरीवरचे बगळे मस्त घेतो.

सातपुडा
बर्डी_बॉय, बगळ्यांसाठी तो कॅमेरा चांगलाच आहे. ऊन असेल तर ९६० मिमी खिशात मिळणं ही साधी गोष्ट नाही. पण या धाग्यातली पहिली तक्रार अंधारातल्या स्टेजची आहे, आणि तिथे तो ताईंच्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा फार पुढे जाणार नाही.

कारण सेन्सर. ए६२०चा सेन्सर १/१.८ इंची म्हणतात, प्रत्यक्षात साधारण ७.२ × ५.३ मिमी. एसएक्स७४०चा १/२.३ इंची, म्हणजे ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर जुन्याचं ३८ चौरस मिमी आणि नव्याचं २८. तेरा वर्षांनी, २०१८ साली आलेल्या कॅमेऱ्यात जुन्याहून लहान सेन्सर! आणि त्या लहान जागेत ७ऐवजी २० मेगापिक्सेल बसवलेले. नव्या सेन्सरची रचना सुधारलेली आहे, सीसीडी हा जुन्या पद्धतीचा सेन्सर जाऊन नव्या पद्धतीचा सीमॉस आला, प्रकाश घेणारा भाग मागच्या बाजूने उघडा केला, त्यामुळे तो बरंच भरून काढतो. पण भरून काढणं वेगळं आणि पुढे जाणं वेगळं. त्यात पूर्ण झूमवर त्याच्या लेन्सचं तोंड, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/६.९ इतकं बारीक होतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). तुमच्या जुन्याचं पूर्ण झूमवर एफ/४.१ आहे.

दुकानदार मेगापिक्सेल आणि झूम सांगतो कारण ते डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. सेन्सरचं माप शोधावं लागतं. ज्याला एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ × ८.८ मिमी असतो, क्षेत्रफळ ११६ चौरस मिमी. ताईंच्या जुन्या सेन्सरच्या तिप्पट. पर्समध्ये मावणाऱ्या आणि तरी झूम असणाऱ्या कॅमेऱ्यात याहून मोठं सहसा मिळत नाही. त्यापुढचा, एपीएस-सी नावाचा मोठा सेन्सर रिकोच्या जीआर ३मध्ये किंवा फुजीच्या एक्स१००-६मध्ये मिळतो. दोन्ही सुंदर कॅमेरे. पण जीआरला फक्त २८ मिमीची लेन्स, फुजीला फक्त ३५ची. झूम नाही. स्टेज आणि वाघ दोन्ही बाद.

म्हणून माझ्या मते शोध एक इंची सेन्सरपासूनच सुरू करावा. त्यातला कोणता, ते जुने फोटो सांगतील.

निळी_छत्री
मी थोडं वेगळं सुचवते. सेकंडहँड सोनी ए६०००सारखा मिररलेस (आत आरसा नसलेला, डीएसएलआरहून छोटा) साठात आरामात बसेल. एपीएस-सी सेन्सर, लेन्स बदलता येते. लेन्स जोडलेल्या छोट्या कॉम्पॅक्टवर एवढे पैसे घालण्यापेक्षा ते बरं.

सातपुडा
लेन्स बदलायची तयारी असेल तर नक्कीच. पण त्याच्यासोबत येणारी १६-५० लेन्स एफ/३.५ ते ५.६ची. मोठ्या सेन्सरचा फायदा ती बारीक लेन्स बराचसा खाऊन टाकते. खरा फायदा उचलायला दुसरी लेन्स घ्यावी लागते, तिसरी घ्यावीशी वाटते, आणि पर्स केव्हाच मागे पडते.

रातराणी
सातपुडादादा, सांगितलं तसं केलं. रात्री जेवणं झाल्यावर मुलगी आणि मी दोघी मिळून फोल्डर उघडून बसलो. इतक्या वर्षांचे फोटो असे कधी पाहिलेच नव्हते.

स्टेजचे जवळजवळ सगळे फोटो २९.२ मिमीवर. म्हणजे झूम संपेपर्यंत ओढून. आयएसओ सगळीकडे ४००. शटर १/१५, काही १/१०, एखादाच १/२५. जे थोडे बरे आले आहेत ते सगळे तिने सम गाठून स्थिर उभी असतानाचे.

मारबतीचे आणि तान्हा पोळ्याचे सगळे ७.३वर. म्हणजे जितकं रुंद जाता येईल तितकं. रामटेकच्या गडमंदिराचेही तसेच. मधले आकडे फारच कमी दिसले, तेही बहुतेक घरच्या वाढदिवसांचे.

मुलगी म्हणाली, आई, तू कायम एका टोकालाच असतेस.

सातपुडा
झालं तर मग! तुमच्या मुलीने निम्मं उत्तर दिलं आहे. तुम्हाला दोन्ही टोकांच्या पलीकडचं हवं आहे. रुंदीकडे ३५च्या पुढे आणि लांबीकडे १४०च्या पुढे.

रुंदीचा हिशेब असा: ३५ मिमीला आडवा कोन सुमारे ५४ अंश, २४ मिमीला सुमारे ७४. इतवारीच्या गल्लीत दुकानाच्या पायरीला पाठ टेकून उभं राहिलं तरी मारबतीची मूर्ती आणि तिच्यापुढे नाचणारी मंडळी दोन्ही येतील. हल्लीच्या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये २४ असतंच, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आता स्टेज. १/१५ शटर, एफ/४.१, आयएसओ ४००. ए६२०मध्ये आयएसओ ४००च्या वर जाताच येत नाही, हीच खरी अडचण. तुमचा हात थरथरत नव्हता, मुलगी हलत होती. एक इंची सेन्सरवर आयएसओ ३२०० अगदी वापरण्याजोगा असतो. ४००वरून ३२०० म्हणजे आठपट, तर १/१५चं १/१२० झालं. ६४००वर नेलं तर त्याच्या दुप्पट. आकडे बघून लक्षात येईल की फराटे कुठे जातात.

आता दोन मार्ग उरतात.

कॅनन जी७ एक्स मार्क ३. २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते २.८. लेन्सचं तोंड मोठं, प्रकाश भरपूर. पण १००ला संपतो, म्हणजे तुमच्या जुन्याच्याही आधी. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही.

सोनी आरएक्स१०० मार्क ६ (२०१८) किंवा मार्क ७ (२०१९). दोन्हींना २४ ते २०० मिमी, एफ/२.८ ते ४.५. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि एका कोपऱ्यातून टुणकन वर येणारा व्ह्यूफाइंडर. १००च्या पुढे मात्र तोंड ४.५वरच.

१०० मिमीवर जी७ एक्स सोनीच्या अडीचपट प्रकाश घेतो. पहिल्या-दुसऱ्या रांगेत खुर्ची मिळत असेल तर डोळे झाकून जी७ एक्स. पण मागून टिपायचं असेल, म्हणजे २०० मिमीची चौकट हवी असेल, तर जी७ एक्सचा फोटो कापावा लागेल. निम्म्या रुंदीत कापला की २०चे ५ मेगापिक्सेल उरतात, आणि सेन्सरचाही चौथाच भाग वापरात राहिल्यामुळे २.८चा फायदा संपतो. तिथे सोनी पुढे. तुम्हाला खुर्ची कुठे मिळते?

रातराणी
पालकांना मधल्या रांगांच्या पुढे कधीच बसू देत नाहीत. पुढे पाहुणे आणि परीक्षक. आणि फ्लॅश बंदच असतो, तो असूही नये, मुलांच्या डोळ्यांवर येतो.

सातपुडा
मग २४-२००. शिवाय ताडोब्यात १००ने मन भरणार नाही. नवा मार्क ७ तुमच्या बजेटच्या बराच वर जाईल. मार्क ६ सेकंडहँड चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोच घ्या. लेन्स दोन्हींची तीच. मार्क ७ फोकस जास्त हुशारीने धरतो आणि त्याला माइकची जागा आहे, एवढा मुख्य फरक.

पॅनासॉनिकचा टीझेड२०० कुठे दिसला तर त्याचाही विचार करा. एक इंची सेन्सर आणि २४ ते ३६० मिमी. लेन्स थोडी बारीक, एफ/३.३ ते ६.४. स्टेजला सोनी बरा, जंगलाला हा.

दुकानात पर्याय इतके कमी का, असं वाटत असेल तर कारण साधं आहे. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, बहुतेक छोटेच. मग मोबाइल आले. कॅसिओने २०१८ साली कॉम्पॅक्ट बनवणंच बंद केलं, ऑलिंपसने पुढे आपला कॅमेरा विभाग विकून टाकला. राहिलेल्या कंपन्या मोजकी, महाग मॉडेलं काढतात. म्हणून चांगला सेकंडहँड शोधण्यात काही कमीपणा नाही.

भिंग
सेकंडहँड घेणार असाल तर मी सांगतो, रोज हेच हाताळतो.

कॅमेरा चालू-बंद करून लेन्सचा आवाज ऐका. ती एका दमात, सरळ बाहेर यायला हवी. करकर आवाज, मध्येच अडखळणं, एका बाजूला किंचित कललेली नळी, यातलं काहीही दिसलं तर हात जोडून परत या. व्ह्यूफाइंडर आणि फ्लॅश दोन्ही वर-खाली करून बघा. कोपरे आणि पडद्याच्या कडा बघा, पडलेला कॅमेरा तिथे बोलतो.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा धुळीची. कॅमेरा ए मोडवर (छिद्र आपण ठरवायचं) टाका, छिद्र एफ/११वर न्या, पूर्ण झूम करा आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो घ्या. फोकस नाही झाला तरी चालेल. मग तो पडद्यावर मोठा करून कोपऱ्याकोपऱ्यात फिरवा. करडे गोल ठिपके दिसले म्हणजे सेन्सरवर धूळ आहे. लेन्स बदलणाऱ्या कॅमेऱ्यात फुंकणीने ती निघते. या कॅमेऱ्यात लेन्स जोडलेली असते, पूर्ण उघडल्याशिवाय सेन्सरला हात लागत नाही, आणि उघडणं म्हणजे खर्च. एफ/४ला हे ठिपके दिसतच नाहीत, म्हणून विकणाऱ्यालाही बरेचदा कल्पना नसते.

नंतर लेन्समध्ये टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी म्हणजे बुरशी.

मूळ बिल मागा. कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीची मुदत गेली असली तरी बिलावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. नव्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तर बिलाशिवाय घेऊच नका. बिल टाळून 'स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडे बाहेरून आणलेला माल असू शकतो, मग इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटी धरत नाही. डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे. १ जानेवारी २०१९च्या आधी तो २८ होता, हे लक्षात असू द्या म्हणजे जुन्या बिलातले आकडे बघून गोंधळ होणार नाही.

बर्डी_बॉय
बरं, जुना ए६२० विकणार का? माझ्या कॉलेजातली मुलं जुने सीसीडीवाले कॅमेरे शोधत फिरून राहिली आहेत. रंग वेगळे येतात म्हणतात, फिल्मसारखे.

भिंग
त्या रंगांत सीसीडीचा वाटा जितका सांगतात तितका नाही. त्या काळातली रंगांची जुळवणी, मर्यादित आयएसओ, जवळून मारलेला फ्लॅश, या सगळ्याचा मिळून तो चेहरा तयार होतो. पण आवडतो तो आवडतो, त्यात चूक काय. आणि कॅमेरा चालू आहे तोवर विकू नका असंच मी म्हणेन. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा आता दुर्मीळ आहे. खेड्यातल्या किराणा दुकानातही त्याचं खाद्य मिळतं.

फक्त कार्ड जपून ठेवा. ए६२० जुन्या एसडी कार्डवरच चालतो, म्हणजे २ जीबीपर्यंत. त्यानंतरची ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी आणि त्यावरची एसडीएक्ससी कार्डं तो ओळखत नाही. नव्या कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड त्यात चालणार नाही.

रातराणी
विकणार नाही. मुलीने आधीच मागून ठेवला आहे.

रातराणी
मंडळी, घेतला! आरएक्स१०० मार्क ६, सेकंडहँड, बिलासकट. भिंगदादांनी सांगितलेली भिंतीची परीक्षा दोन कॅमेऱ्यांवर केली. पहिल्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन ठिपके स्पष्ट दिसले. विकणारे गृहस्थ भले होते, त्यांनी स्वतः बघितलं आणि तेही चकित झाले. दुसरा स्वच्छ निघाला, तो घेतला.

पुढच्या आठवड्यात सुरेश भट सभागृहात कार्यक्रम आहे. सेटिंग काय ठेवू?

सातपुडा
अभिनंदन ताई! एम मोड (शटर आणि छिद्र दोन्ही आपण ठरवायचं), शटर १/१००, छिद्र जितकं उघडेल तितकं, आयएसओ ऑटो आणि त्याची वरची मर्यादा ६४००. फोकस एएफ-सी (हलणाऱ्या माणसामागे फोकस धरत राहणारा), फोटो रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही.

१/१०० मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/१०० किंवा १/५० असलं की प्रत्येक फोटोत पुरी आवर्तनंच येतात आणि सगळ्या फोटोंचा उजेड सारखा राहतो. चक्कर चालू असताना १/२०० करून बघा, हात जास्त स्वच्छ येतील, पण काही फोटो गडद निघू शकतात. आणि शटर मेकॅनिकलच ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही म्हणून मोह होतो, पण स्टेजच्या एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात.

मेनूतला बीप बंद करा. पडद्याचा उजेडही कमी करा, मागच्या रांगेतल्यांना त्रास नको.

परदेशी_वऱ्हाडी
वाचतो आहे. मोबाइलचं मी सुचवलं होतं, पण मधल्या रांगेतून कथक म्हटल्यावर सातपुडांचं पटलं. फोटो नक्की टाका.

रातराणी
कार्यक्रम झाला. फोटो खाली जोडले आहेत, चेहरे दिसणार नाहीत असेच निवडले.

पहिला २०० मिमीवर, १/१००, एफ/४.५, आयएसओ ४०००. पायांचा आहे. घुंगरांच्या ओळी वेगवेगळ्या दिसत आहेत, दोरीची गाठसुद्धा. जुन्या कॅमेऱ्यात तिथे फक्त पिवळसर पट्टा यायचा. दुसरा चक्करचा, १/२००, आयएसओ ६४००. ओढणी अजूनही पसरली आहे, पण ती तशीच छान वाटते. बोटं मात्र एकेक मोजता येतात. दाणे आहेत, मोठं करून बघितलं तर दिसतात. रॉ फाइल संगणकावर डार्कटेबल या प्रोग्रॅममध्ये उघडून थोडे कमी केले. पोस्टकार्डाच्या आकारात छापलं तर जाणवतही नाही.

तिच्या बाईंनी तो पायांचा फोटो मागून घेतला. वर्गात लावणार आहेत.

एक शंका: बॅटरी फार लवकर संपते. जुन्याचे सेल टिकायचे.

भिंग
फोटो उत्तम. पायांचा तर फारच.

बॅटरीचं ते तसंच आहे. एनपी-बीएक्स१ लहान आहे, कंपनीच्याच मोजणीने एका चार्जिंगमध्ये अडीचशेच्या आसपास फोटो. एक जादा बॅटरी घ्याच, पण अस्सल किंवा नावाजलेल्या कंपनीची. फुगलेली स्वस्त बॅटरी खोबणीत अडकून बसली की काढताना कॅमेरा जातो. गाडीत किंवा घरी पॉवर बँकवरही कॅमेरा चार्ज होतो, मायक्रो यूएसबी वायर लागेल. विमानाने जाल तेव्हा जादा बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू देत नाहीत.

तर्री_पोहे
ताई, फोटो लय भारी. आता ताडोब्याचं ऐका.

उन्हाळ्यात तिथली धूळ पिठावानी असते. समोरची जिप्सी गेली की दोन मिनिटं काही दिसत नाही. तुमच्या कॅमेऱ्याची नळी आत-बाहेर होते, म्हणजे ती हवा ओढते, हवेसोबत धूळ ओढते. भिंगभाऊने ठिपके सांगितले ना, ते असेच येतात. म्हणून गाडी चालून राहिली तोवर कॅमेरा बंद आणि झिपच्या पिशवीत. गाडी थांबली, धूळ बसली, मग काढा. धुळीत झूम आत-बाहेर करत बसू नका. २००वर न्या आणि तिथेच राहू द्या.

सकाळच्या सफारीले आत जाताना उजेड कमी असते. आयएसओ तिथेही ३२००पर्यंत जाईल, घाबरू नका. आणि वाघ पुष्कळदा रस्त्यावरच येते, तेव्हा २००सुद्धा जास्त होते. पक्ष्यांसाठी मात्र कमी पडेल, ते मनात धरूनच जा. दुर्बीण न्या, पोरीले मजा येईल.

फोर-के व्हिडिओ एका वेळी पाचच मिनिटं घेते हा कॅमेरा. वाघ दिसला की लगेच सुरू करून बसू नका, तो रस्त्यावर आला की मग करा.

रातराणी
हे फारच उपयोगी आहे. उन्हाचं काय? मे महिन्यात आपल्याकडे ४५च्या वर जातं. कॅमेऱ्याला काही होईल का?

भिंग
होऊ शकतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असेल. बहुतेक कंपन्यांचं हेच असतं. नागपूरचा मे महिना त्या कागदाच्या बाहेरचा आहे, २०१३च्या मेमध्ये इथे ४७.९ नोंदलं गेलं होतं. म्हणजे कॅमेरा लगेच बिघडेल असं नाही, पण बंद गाडीत डॅशबोर्डवर किंवा खणात ठेवू नका, तिथे बाहेरच्याहूनही जास्त तापतं. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. गरम झाला अशी सूचना आली तर बॅटरी काढून थोडा वेळ राहू द्या. फ्रीजमध्ये किंवा कूलरच्या झोतासमोर ठेवून गार करू नका.

कूलरवरून आठवलं. आपल्याकडे कॅमेऱ्यांना बुरशी पावसाळ्यात लागते असं सगळे समजतात, पण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लेन्सना ती उन्हाळ्यात लागलेली असते. बाहेर कोरडं रखरखीत ऊन, आत दिवसभर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. खोली दमट, दारं-खिडक्या अर्ध्या लावलेल्या, आणि कॅमेरा कातडी केसमध्ये कपाटात. बुरशीला याहून चांगली जागा नाही. कातडी केस स्वतःच ओल धरते. कॅमेरा केसमधून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला, कढईत मंद आचेवर हलवत राहा, पुन्हा निळे होतात. नारंगी दाण्यांचे हिरवे होतात, ते घेतले तरी चालतील. डबा कूलर नसलेल्या खोलीत ठेवा आणि दोन्ही कॅमेरे मधूनमधून बाहेर काढून वापरत राहा. मुलीच्या ए६२०चे सेल मात्र वापर नसेल तेव्हा काढून ठेवायला सांगा, उन्हाळ्यात ते आत फुटून खोबणी गंजवतात.